न बोलावलेले फादर

“पेशंटला कोण सांगणार?” डॉक्टरांनी विचारलं.

सीटी स्कॅनची फिल्म त्यांच्या मागच्या दिव्यावर अजून लावलेली होती. माझ्या आजोबांच्या पोटाच्या त्या करड्या चित्रात पॅनक्रियाजच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या, टोकाशी एक गाठ होती आणि लिव्हरवर तीन-चार डाग होते. डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असाव्यात, चाळिशीच्या. त्या सावकाश बोलत होत्या. कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला आहे. वय चौऱ्याऐंशी, त्यामुळे ऑपरेशन नाही, केमोही झेपणार नाही. काही आठवडे, फार तर तीन-चार महिने.

“ते मनाने खंबीर वाटतात,” त्या म्हणाल्या. “त्यांना कळू द्या. त्यांची काही कामं राहिली असतील.”

“मी सांगते,” मी म्हणाले.

आजोबा बाहेर बाकावर बसले होते. टोपी मांडीवर, दोन्ही हात टोपीवर. त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता. आमच्या घरात आजोबांना अरे-तुरेच करतात, तसं मी म्हणाले, “खडा आहे रे आजोबा. पित्ताच्या नळीत अडकलाय. काढतील.”

“खडाच ना?” त्यांनी विचारलं.

“खडाच.”

डॉक्टरांच्या खोलीपासून त्या बाकापर्यंत दहा पावलंही नसतील. तेवढ्यात मी शब्द फिरवला होता. ज्यांना कधी तरी अशा बाकासमोर उभं राहावं लागेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आजाराबद्दल थोडं, आणि माझ्याबद्दल जे सांगायला लाज वाटते ते.

सुरुवात खाजेने झाली. ऑक्टोबर होता, म्हणून आम्ही घामोळं समजलो आणि पावडर लावत राहिलो. मग रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाताना त्यांचा कोट खांद्यावरून घसरायला लागला. शेवटी डोळे पिवळे दिसले ते फिलू आत्याला. फिलू आत्या म्हणजे आजोबांची मुलगी, आमच्याच गावठणात दोन घरं सोडून राहते. तिने काविळीचं झाडपाल्याचं औषध ठरवलं, आणि दोन रविवार आम्ही मार्वेच्या धक्क्यावरून बोटीने मनोरीला जाऊन ते आणलं. त्यात तीन आठवडे गेले. लवकर आलो असतो तरी गाठ तीच असती, असं डॉक्टर नंतर म्हणाल्या. तरीही सांगते. वयस्कर माणसाचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली आणि पोट मात्र दुखत नसलं, तर थांबू नका. त्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह जॉन्डिस म्हणतात. पित्त वाहून नेणाऱ्या नळीवर बाहेरून काही तरी दाबतं आणि पित्त रक्तात परततं.

पुढच्या आठवड्यात ईआरसीपी झाली. तोंडातून दुर्बीण आत नेऊन ती नळी उघडतात आणि उघडी राहावी म्हणून आत एक बारीक नळकांडी बसवतात. तिला स्टेंट म्हणतात. तीन-चार दिवसांत खाज गेली. आजोबांनी दीड महिन्यात पहिल्यांदा बोंबील मागितला.

“पावसाळ्याच्या आधी पालिका गटार काढते ना,” ते नर्सला म्हणाले, “तसा माझा गटार काढलान तुमच्या डॉक्टरबायनं.”

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. मला वाटलं, बघ, सांगितलं नाही ते बरंच झालं.

आजोबा काय करायचे हे इथे सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. अंधेरीच्या एका कारखान्यात ते लेथवर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एकच काम धरलं. गावठणात कुणी फार आजारी झालं की फादर त्याच्या कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावून प्रार्थना करायला जातात. आम्ही कॅथलिक त्याला संस्कार मानतो. त्याआधी आजारी माणूस बोलू शकत असेल तर कुमसार करतो, म्हणजे फादरपाशी एकट्याने आपल्या पापांची कबुली देतो. नंतर त्याला पवित्र भाकर मिळते. आजोबा फादरच्या आधी त्या घरी पोचायचे. बिस्किटांचा एक जुना निळा पत्र्याचा डबा त्यांच्या काखेत असायचा. त्यात खळ घातलेलं पांढरं कापड, उभा राहणारा छोटा क्रूस, दोन मेणबत्त्या, तेल पुसायला कापूस. खाटेशेजारी ते टेबल मांडायचे. आजारी माणसाची मूठ आवळलेली असली तर एकेक बोट हळूहळू सोडवून तळहात वर करून धरायचे. बावीस वर्षं त्यांनी हे केलं.

आजोबांचं नाव बस्त्याव. बस्त्याव डबा घेऊन निघाला म्हणजे कुणाचं तरी संपत आलं, असं गावठण समजायचं. आजोबांना याचा राग यायचा. “तेल आजाऱ्यासाठी हाय, मेलेल्यासाठी नाय,” ते जेवताना चिडून सांगायचे. “माणसाच्या तोंडात बोल हाय तवर बोलवा ना! वाचा गेल्यावर बोलवतात. मग तो कुमसार काय डोळ्यांनी करणार?”

हे वाक्य मी कॉलेजात असल्यापासून घरच्या टेबलावर, पुस्तक ताटाला टेकवून जेवताना ऐकलं आहे. वडील मी सात वर्षांची असताना गेले, आई त्यानंतर तीन वर्षांनी. मला आजोबांनी वाढवलं. कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी लागली तेव्हा ते माझ्याबरोबर मुलाखतीला आले होते आणि बाहेर झाडाखाली रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत थांबले होते. मला सगळं माहीत होतं. तरी ते हॉस्पिटलमधून घरी यायच्या आदल्या दिवशी मी तो डबा फळीवरून काढला आणि कपाटात खालच्या खणात, आईच्या साड्यांच्या मागे ठेवला. डबा दिसला की त्यांना स्वतःचं सुचेल, असं मला वाटलं.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी फळीकडे पाहिलं.

“डबा कुठंय गो, लुसी?”

“इथेच असेल. साफसफाईत कुठे तरी गेला. शोधते.”

“शोध हां. कापड धुवायला झालंय.”

त्याच आठवड्यात बेकरीपाशी फादर भेटले. आमच्या चर्चमध्ये ते नऊ वर्षं आहेत. त्यांनी स्कूटर थांबवली.

“बस्त्यावकाका कसे आहेत? या शुक्रवारी येऊ का?”

“नको फादर. तुम्ही आलात की त्यांना वाटेल...”

“काय वाटेल?”

मी पावाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“लुसी, मी तुमच्याकडे मटण खायला येतो तेव्हा त्यांना काही वाटत नाही.”

“थोडे दिवस जाऊ देत. जरा ताकद येऊ दे.”

फादरनी माझ्याकडे बघितलं. “ठीक आहे. पण तू फोन कर. उशीर करू नकोस.”

मी हो म्हणाले. संध्याकाळी आजोबांनी विचारलं, “फादर दिसला का कुठं? त्याला सांग, एकदा येऊन जा म्हणावं.”

“फादर रिट्रीटला गेलेत. गोव्याला.”

“नाताळच्या तोंडावर?”

डिसेंबर लागला होता. नाताळाआधीच्या त्या चार आठवड्यांत कुठलाही फादर रिट्रीटला, म्हणजे एकांतात प्रार्थनेला, आपलं चर्च सोडून जात नाही. रोज कुमसाराच्या रांगा लागतात. माझी थाप इतकी कच्ची होती की आमच्यातलं शाळकरी पोरही हसलं असतं. आजोबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं आणि “बरं” म्हणाले.

रविवार आला. नाताळाआधी आठच्या मराठी मिस्साला गर्दी होते आणि लोक अंगणात बसतात, म्हणून बाहेर लाउडस्पीकर लावतात. आमचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत आहे. मी हे विसरले होते. आजोबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर शाल. फादरचा प्रवचनाचा आवाज स्वच्छ, प्रत्येक शब्दासकट घरात आला.

माझ्या हातात पेजेची वाटी होती. आजोबांनी मान वळवली.

“आला वाटतं रिट्रीटवरून,” ते म्हणाले.

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. मी फक्त “हो, आले, उद्या बोलावते” एवढं म्हणायचं होतं.

“नाही रे,” मी म्हणाले. “हे दुसरे फादर आहेत. पाहुणे.”

“असं होय.” ते थोडा वेळ ऐकत राहिले. “आवाज सारखा हाय.”

मी उठून खिडकी लावली. हवा गार आहे म्हणाले.

हे वाचणाऱ्याला वाटेल की मी आजोबांच्या जिवासाठी असं केलं. मीही स्वतःला तेच सांगत होते. खरं तर मला तो क्षण नको होता. फादर येतील, दार लोटतील, मी स्वयंपाकघरात उभी राहीन, आणि आत माझ्या आजोबांना निरोपाची तयारी करताना मला ऐकू येईल. मला भीती माझी होती. त्यांची नव्हती. बावीस वर्षं लोकांच्या खाटांशेजारी बसलेला माणूस कशाला घाबरणार होता?

बुधवारी दुपारी त्यांना थंडी भरली. तीन चादरी घातल्या तरी खाट हलत होती. रिक्षात मी त्यांना घट्ट धरून बसले होते. कॅज्युअल्टीत ब्लड प्रेशर फार खाली गेलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, कोलँजायटिस. स्टेंट तुंबला होता आणि अडलेल्या पित्तात जंतू झाले होते. ते रक्तात पसरले, त्याला सेप्सिस म्हणतात. घरात स्टेंट असलेला माणूस असेल तर हे लक्षात ठेवा. थंडी वाजून ताप आला की एक तासही घरी काढायचा नाही.

आयसीयूत त्यांना ऑक्सिजनचा मास्क लावला होता. छाती भात्यासारखी चालली होती. व्हेंटिलेटर लावला तर स्टेंट बदलून अँटिबायोटिक्सना एक संधी मिळेल, असं डॉक्टर म्हणाल्या. मी सही केली. मला एक मिनिट आत सोडलं. आजोबांनी मास्क हाताने बाजूला केला.

“फादर?”

“येतायत,” मी म्हणाले.

मी तोपर्यंत कुणालाही फोन केला नव्हता. बाहेर आल्यावर केला. फादर अर्ध्या तासात पोचले, पण त्याआधीच आजोबांच्या तोंडात व्हेंटिलेटरची नळी गेली होती.

त्यांना लगेच आत सोडेनात. भेटायची वेळ पाच ते सहा. आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो आणि मी त्यांना सगळं सांगितलं. रिट्रीट, पाहुणे फादर, खिडकी.

“डबा आणलास?” एवढंच त्यांनी विचारलं.

मी रिक्षाने घरी गेले. साड्यांमागून डबा काढला, उघडून पाहिला. कापड धुतलेलं होतं. नुकतीच खळ देऊन इस्त्री केलेलं, घड्या सुरीसारख्या. मी ते धुतलं नव्हतं. तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. डबा घेऊन तशीच परत फिरले.

पाच वाजता आम्हाला आत घेतलं. “मेणबत्ती नाही हं, ऑक्सिजन आहे,” नर्स म्हणाली, आणि तिने स्वतःच ट्रेवरच्या सिरिंजा बाजूला करून जागा केली. मी कापड अंथरलं, क्रूस ठेवला. आजोबांची दोन्ही मनगटं मऊ पट्ट्यांनी खाटेला बांधलेली होती. पेशंट गुंगीत नळी ओढतात म्हणून बांधतात. फादरनी विचारल्यावर नर्सने पट्ट्या सोडल्या. मनगटांवर त्यांच्या खुणा राहिल्या होत्या.

“बस्त्यावकाका, मी आलोय,” फादर म्हणाले. डोळे उघडले नाहीत. फादरनी पापक्षमेची प्रार्थना म्हटली, कपाळावर तेलाचा क्रूस काढला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “लुसी, हात.”

मला आजोबांचं काम करायचं होतं. मूठ सोडवायची, तळहात वर करून धरायचा. मी पुढे झाले. माझा हात पोचण्याआधी आजोबांनी दोन्ही तळहात स्वतः वर केले. सावकाश, आधी उजवा, मग डावा, आणि ते तसेच उघडे ठेवले. फादरनी एकेका तळहातावर तेलाचा क्रूस काढला.

कुमसार झाला नाही. गिळता येत नव्हतं म्हणून पवित्र भाकरही देता आली नाही. ती ज्या छोट्या सोनेरी डबीतून आणली होती ती फादरनी तशीच झब्ब्याच्या खिशात परत घातली. ती डबी खिशात जाताना मी पाहिली. आजही मिस्सा चालू असताना मला तेच दिसतं आणि मी मान खाली घालते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबा गेले.

फिलू आत्याने दफनासाठी त्यांचा कोट आणला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, हँगरला लावलेला. मापात केलेला, लाँड्रीतून आलेला. मी विचारलं, एवढ्यात कधी दिलास?

“हॉस्पिटलातनं घरी आला त्याच्या चार दिवसांनी. म्हणाला, टेलरकडून बारीक करून घे, मी वाळलोय, ढगळ दिसंल.” आत्या रडत होती, तरी हे सांगताना किंचित हसली. “कापडपण मीच धुतलं. कपाटातनं त्यानंच काढून दिलं, परत तिथंच ठेव म्हणाला.”

“म्हणजे त्याला माहीत होतं?”

“गो बाय, ईआरसीपीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरबायला विचारलं, तिनं सांगितलं. त्याला काय खडा आणि गाठ कळत नाय?”

“मग तू फादरना का नाही बोलावलंस?” मी जवळजवळ ओरडलेच.

आत्याने कोटाची पिशवी खाटेवर नीट पसरली.

“मी बोललेली त्याला, बोलवू का म्हणून. दोनदा बोललेली. नको बोलला. बोलला, तिला आणू दे. मी परस्पर बोलवला तर ती खोटी पडंल फादरसमोर. थांब, आणंल ती.”

आमच्या घरात कुणी दुसऱ्याला असं वाट बघायला लावलं तर आजोबा कान पकडायचे. माझ्यासाठी ते स्वतः वाट बघत राहिले. त्या रविवारी खिडकीपाशी ते फादरचा आवाज ओळखत होते. मी खोटी पडू नये म्हणून त्यांनी “आवाज सारखा हाय” म्हटलं, आणि बोलता येत होतं ते दिवस माझ्या भरवशावर घालवले. जाण्यापूर्वी त्यांना काय बोलायचं होतं, मला कळणार नाही. ते मला कळायचं नव्हतंच. ते फादरना आणि देवाला सांगायचं होतं, आणि मधे मी उभी राहिले.

नाताळ झाल्यावर मी कुमसाराला गेले. आजोबांना क्षमा मिळाली का, असं जाळीपलीकडे विचारलं. फादर म्हणाले, ज्याला बोलता येत नाही त्याला तेलातूनच क्षमा मिळते, त्यांची काळजी सोड. मग माझं प्रायश्चित्त सांगितलं. मला वाटलं होतं पन्नास रोजरी सांगतील. “डबा तुझ्याकडे आहे,” ते म्हणाले. “कुणाच्या घरी बोलावणं आलं की तू माझ्या आधी जा.”

मी लोकांशी फारसं बोलणारी नाही. लायब्ररीतही काउंटरवर दुसरी बाई असते. पण गेले.

पहिलं घर पलीकडच्या आळीत होतं. म्हातारी बाई, फुप्फुसांचा कॅन्सर. तिचा मुलगा पन्नाशीचा, बँकेत आहे. त्याने फादरना स्वतःच बोलावलं होतं, पण मी काखेत डबा घेऊन पोचले तेव्हा तो दारातच आडवा उभा राहिला.

“लुसी, एक मिनिट. आईला काही बोलायचं नाही हां. न्यूमोनिया सांगितलाय. हा डबा पण... बाहेरच ठेव ना. फादर फक्त प्रार्थना करून जातील.”

त्याचा चेहरा मी ओळखला. त्या बाकासमोर माझा तसाच असणार. मला राग आला नाही. मी त्याला पायरीवर बसवलं आणि आमच्या खिडकीची गोष्ट सांगितली, आवाज सारखा हाय इथपर्यंत. तो खाली बघत ऐकत होता.

आतून खोकला आला, मग आवाज.

“कोण हाय रे? बस्त्यावची नात ना?”

“हो आई.”

“डबा आणलाय का तिनं?”

त्याने माझ्याकडे बघितलं.

“आणलाय, आजी,” मी म्हणाले.

“मग दारात काय उभी केलीस तिला? मी कवाची वाट बघते.”

मी डबा उघडला. वरचं पांढरं कापड काढून त्याच्या हातात दिलं.

“मला नको देऊस,” तो म्हणाला. “मला येत नाही.”

“मलाही येत नव्हतं,” मी म्हणाले. “तिच्या उशाशी टेबल आहे ना, त्यावर तू अंथर. तिने तुझ्या हातचं बघू दे.”

तो कापड घेऊन आत गेला.